रुपयाला किती, घासाला किती

बेंगळुरूतल्या औषधांच्या एखाद्या मोठ्या दुकानात शिरा. काउंटरमागच्या फ्रीजमध्ये, इन्सुलिनच्या शेजारी, जाडसर पेनासारखी इंजेक्शने ठेवलेली दिसतील. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचायची, की भूक मंदावते. त्याच दुकानाच्या समोरच्या भिंतीला मोठमोठे डबे रांगेने उभे असतात. त्यांत प्रथिनांची पावडर असते, खाली जीवनसत्त्वांच्या बाटल्या, कॅल्शियमच्या गोळ्या, केसांसाठीच्या गोड चघळगोळ्या. फ्रीजमधली वस्तू सांगते, कमी खा. भिंतीवरच्या वस्तू सांगतात, एवढे मात्र कमी पडू देऊ नका. पुष्कळदा दोन्हींचे गिऱ्हाईक एकच असते. इंजेक्शनावर महिन्याला हजारो रुपये गेलेले असतात, आणि वर ही दुसरी यादी हातात येते. यातले खरोखर काय लागते? आणि जे लागते ते परवडेल अशा पैशांत कसे मिळवायचे?

उत्तर शोधायला निघाले की वाट फार नवलाच्या मुलखातून जाते. तिच्यावर अमेरिकेच्या वाळवंटातला एक विषारी सरडा भेटतो, पुण्याचे एक डॉक्टर भेटतात, जड पाणी पाजून वाढवलेला मूग भेटतो. आणि याच बेंगळुरूत 1933 साली संशोधन संस्थेच्या दारातून हलायला तयार नसलेली एक मराठी मुलगी भेटते.

दोन मिनिटांचा निरोप

आपण जेवतो तेव्हा आतड्यांतल्या काही पेशी रक्तात एक निरोप सोडतात. जीएलपी-1 असे त्याचे नाव. एकतीस अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी स्वादुपिंडाला सांगते, इन्सुलिन सोड. जठराला सांगते, सावकाश रिकामे हो. मेंदूला सांगते, आता पुरे. निरोप अचूक असतो, पण त्याचे आयुष्य फार थोडे. साधारण दोन मिनिटांत तो अर्धा नाहीसा होतो, कारण रक्तातले एक विकर त्याला लगेच तोडून टाकते.

इतक्या अल्पायुषी रेणूचे औषध करायचे कसे, हा पेच होता. अमेरिकेच्या नैर्ऋत्येच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा राहतो. तो वर्षातून मोजक्याच वेळा पोटभर खातो. त्याच्या विषात जॉन एंग या संशोधकाला 1992 च्या सुमारास एक रेणू सापडला. तो आपल्या जीएलपी-1 शी निम्म्याहून थोडा अधिक जुळणारा होता, आणि माणसाच्या रक्तातले ते विकर त्याला सहजी तोडू शकत नव्हते. त्यावरून बनलेले एक्सेनाटाइड हे औषध 2005 साली अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झाले. पुढे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी माणसाच्याच जीएलपी-1 मध्ये दोन जागी बदल केले आणि एका जागी अठरा कार्बनची मेदाम्लाची शेपटी जोडली. ही शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते, त्यामुळे रेणू तुटत नाही आणि मूत्रपिंडातून लवकर बाहेरही पडत नाही. दोन मिनिटांचा निरोप असा आठवडाभर टिकू लागला. त्याचे नाव सेमाग्लुटाइड.

भारतात मार्च 2025 मध्ये टिर्झेपॅटाइड हे याच घराण्यातले औषध मौंजारो या नावाने आले. जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड वेगोव्ही या नावाने आले. मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडवरच्या भारतातल्या पेटंटची मुदत संपली आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. बेंगळुरूला हे घराणे परके नाही. इथल्या बायोकॉन कंपनीने त्यातल्या लिराग्लुटाइड या थोरल्या भावंडाच्या जेनेरिक रूपाला मार्च 2024 मध्ये ब्रिटनची मान्यता मिळवली होती.

वजन उतरते, पण कशाचे?

सेमाग्लुटाइडची गाजलेली चाचणी 2021 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात 1961 माणसे होती. 68 आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे 15 टक्क्यांनी उतरले. त्यांतल्या काही जणांच्या शरीराची क्ष-किरणांनी मोजणी केली, तेव्हा दिसले की उतरलेल्या वजनात सुमारे 40 टक्के वाटा चरबीचा नव्हता. टिर्झेपॅटाइडच्या चाचणीत हा वाटा सुमारे 25 टक्के निघाला. चरबी सोडून जे काही असते त्यात पाणी आणि इंद्रियेही मोडतात, म्हणजे हा सगळा तोटा स्नायूंचाच असे नव्हे. पण स्नायू त्यात असतात, आणि साठीकडे झुकलेल्या माणसाला जिना चढायला, खुर्चीतून हात न टेकता उठायला तेच लागतात.

आपल्या लोकांनी याची काळजी का करायची, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये एका छायाचित्रातून दाखवले. छायाचित्रात दोघे जण शेजारी उभे आहेत, याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. उंची आणि वजनाच्या गुणोत्तरावरून काढलेला बीएमआय दोघांचाही 22.3. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. काट्यावर दोघे सारखे आणि आतून किती वेगळे! पुण्याच्या बाळांवरच्या अभ्यासातून याज्ञिकांनी दाखवले की हे जन्मापासूनच दिसते. आपली बाळे वजनाने लहान असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात.

आपण मुळातच स्नायूंची छोटी शिदोरी घेऊन निघालेली माणसे आहोत. वजन उतरवताना त्या शिदोरीतले वाटेत सांडू द्यायचे नाही. औषध बंद केल्यावर गेलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, असे सेमाग्लुटाइडच्या त्या चाचणीच्या पुढच्या भागात वर्षभराने दिसले. गेलेले स्नायू मात्र आपसूक परत येत नाहीत. त्यांना दोनच गोष्टी धरून ठेवतात. एक म्हणजे वजन पेलण्याचा व्यायाम, मग तो खुर्चीवरून उठबस करण्याचा का असेना. दुसरी म्हणजे पुरेसे प्रथिन.

आधी तूट मोजा

पूरक म्हणजे उणे भरून काढणारे. मग उणे किती आहे, हे आधी कळायला हवे. तूट न मोजता आणलेला डबा म्हणजे टाकीत पाणी किती आहे ते न बघता मागवलेला टँकर.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला शरीराच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिन पुरते. वजन झपाट्याने उतरत असेल तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सहसा किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम सांगतात. तुमच्यासाठी नेमका आकडा कोणता आणि तो कोणत्या वजनावर धरायचा, हे त्यांनाच विचारा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा प्रश्न विचारल्याशिवाय एक चमचाही वाढवू नका.

आता ताट मोजू. समजा एका बाईंना डॉक्टरांनी रोज 70 ग्रॅम सांगितले आहे. इंजेक्शन सुरू झाल्यापासून त्या दिवसाकाठी तीन पोळ्या, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर भात, वाटीभर दही आणि एक पेला दूध एवढेच घेतात. पोळ्यांचे 10 ग्रॅम, वरणाचे 12, भाताचे 2, दह्याचे 5, दुधाचे 6. बेरीज 35. निम्मी वाट आपल्या नेहमीच्या स्वयंपाकाने चालून दिली, बाकी 35 ग्रॅमची तूट उरली. आता प्रश्न नेमका झाला. ते 35 ग्रॅम कुठून आणायचे?

टाटा इन्स्टिट्यूटच्या दारातली मुलगी

स्वस्त प्रथिन कशात आहे, हा प्रश्न बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत आज पहिल्यांदा आलेला नाही. मुंबई विद्यापीठात पहिली आलेली कमला भागवत 1933 साली तो घेऊन इथे आली. पुढे ती कमला सोहोनी म्हणून ओळखली गेली. लेखिका दुर्गा भागवत तिची थोरली बहीण. वडील आणि काका दोघेही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. तेव्हा लोक संस्थेला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, आज ती भारतीय विज्ञान संस्था म्हणून जगाला माहीत आहे. संचालक होते नोबेल मिळवलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी अर्ज फेटाळला, कारण अर्जदार मुलगी होती.

कमला मागे फिरली नाही. ती बेंगळुरूला येऊन ठाण मांडून बसली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे, काम पटल्याशिवाय मान्यता नाही, आणि तिच्या असण्याने पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान ती आयुष्यभर विसरली नाही, आणि तिने कामही सोडले नाही. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली तिने अभ्यासासाठी निवडली ती दूध, डाळी आणि कडधान्ये यांतली प्रथिने. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठी उघडले. 1936 मध्ये तिला एम.एस्सी. मिळाली, 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी.

त्यानंतर सोहोनींनी जे केले ते आजच्या या दुकानाशी थेट जोडलेले आहे. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करून त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तिथे त्यांनी गरिबांच्या ताटातल्या वस्तू हाती घेतल्या. डाळी घेतल्या, तांदळाचे पीठ घेतले, ताडाची नीरा घेतली. नीरेतली पोषणद्रव्ये मोजून त्यांनी दाखवले की आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना हे स्वस्त पूरक म्हणून देता येईल. त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. परवडणारे पूरक अन्न हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा धागा होता.

कडधान्यांतल्या ट्रिप्सिन-रोधकांवरही त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केले. ही गोष्ट मोठी सुंदर आहे. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिनांचे तुकडे करणारे विकर. कच्च्या कडधान्यात अशी प्रथिने असतात जी या विकराला जाऊन चिकटतात आणि त्याचे काम थांबवतात. बी म्हणजे झाडाचे बाळ. कोणी ते खाऊन पचवू नये, म्हणून झाडाने त्याच्या हातात दिलेले हे कुलूप आहे. आपल्या आज्यांनी त्याची किल्ली फार पूर्वी शोधली होती. भिजवणे, मोड आणणे, साल काढणे आणि नीट शिजवणे ही ती किल्ली. दर जानेवारीच्या आसपास बेंगळुरूत अवरेकायीचा हंगाम येतो, व्ही. व्ही. पुरममध्ये जत्रा भरते आणि घरोघर भिजवलेल्या दाण्यांची साले सोलली जातात. अवरेकायी म्हणजे आपल्या वाल-पावट्याच्याच कुळातली शेंग. डाळिंब्यांची उसळ करताना कोकणातली बाई जे करते, तेच इथे बसवनगुडीतली बाई करते. दोघींच्या बोटांना जी युक्ती ठाऊक होती, तिच्यामागचे रसायन सोहोनींच्या प्रयोगशाळेने तपासले.

दोन भाजक

आता त्या 35 ग्रॅमकडे वळू. स्वस्त काय हे ठरवायला डब्यावरची किंमत कामाची नाही. किंमत प्रथिनाच्या ग्रॅमने भागायची. पुढचे भाव मी समजुतीसाठी धरले आहेत. तुम्ही तुमच्या गल्लीतल्या दुकानाचे भाव घालून हेच गणित करा. प्रत्येक वेळी 20 ग्रॅम प्रथिन मिळवायला किती रुपये लागतात ते पाहायचे.

सोयाबीनच्या वड्यांत 100 ग्रॅमला सुमारे 52 ग्रॅम प्रथिन असते. किलोचा भाव 150 धरला तर 20 ग्रॅम प्रथिन सहा रुपयांच्या आत मिळते. चिवड्यात घालतो ते डाळे, ज्याला इथे हुरिगडले म्हणतात, त्यात 20 टक्के प्रथिन असते. 140 रुपये किलोने 14 रुपये लागतात. अंड्यात साधारण 6 ग्रॅम असते. सात रुपयांचे एक धरले तर 23 रुपये. बिनसायीच्या दुधाच्या भुकटीत 35 टक्के असते, 450 रुपये किलोने सुमारे 26 रुपये. दुधात लिटरला 32 ग्रॅम, 50 रुपये लिटरने 31 रुपये. आणि 3000 रुपये किलोची, 80 टक्के प्रथिनाची व्हे पावडर घेतली तर 75 रुपये.

इथे थांबलो तर निकाल सोपा दिसतो, सोयाबीन घ्या आणि डबा परत ठेवा. पण या औषधावर असलेल्या माणसाचे गणित इथे संपत नाही, कारण त्याच्याकडे दुसरीही एक टंचाई आहे. त्याचे जठर हळू रिकामे होते. चार घासांत पोट भरते. त्याच्यासाठी घास हेसुद्धा चलन आहे, आणि ते रुपयांपेक्षा दुर्मीळ आहे.

म्हणून दुसऱ्यांदा भागा, या वेळी घासांनी. तेच 20 ग्रॅम प्रथिन डाळ्यातून घ्यायचे तर 100 ग्रॅम डाळे चावायचे, म्हणजे तीन-चार मुठी. दुधातून घ्यायचे तर 600 मिलिलिटरहून अधिक दूध. शेंगदाण्यांतून घ्यायचे तर 80 ग्रॅम दाणे, आणि त्यांच्यासोबत साडेचारशे कॅलरी. अंडी सव्वातीन. सोयाबीनच्या सुक्या वड्या 40 ग्रॅम, पण त्या पाणी पिऊन फुगतात आणि काहींना वायू धरतो. व्हे पावडर मात्र 25 ग्रॅम, पेलाभर पाण्यात.

दोन्ही भागाकार शेजारी ठेवले की निवड स्पष्ट होते. रुपयाला सर्वांत जास्त देते सोया. घासाला सर्वांत जास्त देते व्हे. दोन्हींकडे मध्यम पण भरवशाचे अंडे. मग चांगल्या दिवशी तूट स्वयंपाकघरातून भरा. सोया वड्यांचा चुरा भाजीत घाला, पोळीच्या कणकेत मूठभर सोयापीठ मिसळा, वरण पातळ न करता घट्ट ठेवा, दोन अंडी उकडा, दही कापडात बांधून चक्का करा, म्हणजे पाणी गळून तेवढ्याच घासात प्रथिन जास्त येते. डोस वाढवल्यानंतरच्या मळमळीच्या दिवसांत, जेव्हा अन्नाचा वास नको होतो, तेव्हा पावडरचा एक पेला उपयोगी पडतो. अशी वापरली तर किलोचा डबा दीड महिन्याऐवजी तीन-चार महिने जातो. जे काही घ्याल ते तीन वेळांत वाटा. स्नायूंना रात्री एकदम मिळालेल्या मोठ्या वाट्यापेक्षा सकाळ, दुपार, संध्याकाळ मिळालेले 20-25 ग्रॅम अधिक उपयोगी पडतात. आणि ताटातला पहिला घास प्रथिनाचा घ्या, कारण शेवटचा घास येईलच अशी खात्री नसते.

जड पाणी प्यालेला मूग

ताटातले सगळे प्रथिन अंगी लागते का, हेही पाहायला हवे. बेंगळुरूच्याच सेंट जॉन्स संशोधन संस्थेत अनुरा कुर्पाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजायची एक विलक्षण रीत वापरली. त्यांनी मूग आणि हरभऱ्याच्या रोपांना जड पाणी घातले. या पाण्यातला हायड्रोजन नेहमीच्या हायड्रोजनपेक्षा जड असतो. रोपाने तो उचलला आणि दाण्यातल्या प्रथिनांवर त्याची खूण उमटली. हे दाणे शिजवून माणसांना खायला दिले. ज्याची पचनीयता आधीच ठाऊक आहे असे, कार्बनची वेगळी खूण असलेले स्पिरुलिनाचे प्रथिनही सोबत दिले. मग रक्तात कोणती खूण किती उतरते ते तपासले. डाळीचा दाणा पोटात जाऊन माणसाच्या रक्तापर्यंत पोहोचला की नाही, हे पाहायला त्याच्या अंगावरच पत्ता लिहिण्यासारखे हे होते.

अशा मोजणीत कोंबडीचे अंडे आणि मांस सुमारे 90 टक्के पचते असे दिसले. सालासकट कडधान्ये बरीच मागे राहिली. मुगाची साल काढली की पचन सुधारले. म्हणजे भाव काढताना डाळींच्या आकड्यातून थोडी घट धरायला हवी. आणि पचन मंदावलेल्या माणसाने अख्ख्या मुगापेक्षा मुगाची डाळ निवडणे शहाणपणाचे. कर्नाटकात रामनवमीला होणारी भिजल्या मूगडाळीची कोसंबरी आणि आपले मुगाचे वरण या मोजणीच्या बाजूनेच उभे आहेत.

याच संस्थेतल्या अभ्यासांनी लायसिन या अमिनो आम्लाकडे जगाचे लक्ष वेधले. माणसाची लायसिनची गरज 1985 साली किलोमागे 12 मिलिग्रॅम मानली जाई. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने ती 30 केली, आणि त्यामागे बेंगळुरूतल्या मोजण्यांचा मोठा आधार होता. तांदूळ-गव्हात लायसिन कमी असते, डाळींत भरपूर. वरण-भात, इडली-सांबार, पिठले-भाकरी या जोड्या एकमेकांचे उणे भरतात. पूरक हा शब्द इथे अगदी मूळ अर्थाने खरा ठरतो. औषधामुळे ताट लहान झाले की माणूस पहिल्यांदा वरण टाकतो आणि भाताचे दोन घास खाऊन उठतो. करायला हवे नेमके उलटे.

गोळ्या किती आणि कोणत्या

प्रथिनाचे गणित ताटातून सुटते. काही गोष्टी मात्र थोडक्या अन्नातून पुरत नाहीत, आणि त्यांच्या साध्या गोळ्या स्वस्त असतात.

पहिले बी-12. वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच, म्हणून शाकाहारी माणसांत त्याची उणीव सर्रास आढळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतली तर ती बी-12 आणखी खाली नेते. आठवड्याचे इंजेक्शन घेणारे पुष्कळजण मेटफॉर्मिनवरही असतात. हातापायांना मुंग्या आणि सततचा थकवा हा औषधाचा त्रास समजून सोडून देऊ नका, रक्त तपासा. दुसरे ड जीवनसत्त्व. ते मेदात साठते, त्यामुळे 60,000 युनिटची पुडी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून महिनोन्‌महिने घेणे अपायाचे आहे. तपासणी करून, ठरल्या मुदतीपुरती घ्या. तिसरे कॅल्शियम. दिवसाची गरज 1000 मिलिग्रॅम. कर्नाटकाच्या ज्या रागी मुद्देला आपण नाचणीचा गोळा म्हणू, त्या नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, दुधाच्या तिप्पट. नाचणीची आंबील ताक घालून प्या, दोन्ही एका पेल्यात येतात. गोळी लागलीच तर ती लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, कॅल्शियम लोहाची वाट अडवते. लोह घेताना लिंबू जवळ करा आणि चहा तासभर लांब ठेवा.

चौथा तंतू. या औषधांवर बद्धकोष्ठ फार जणांना छळते. त्यावर महागडे फायबर मिश्रण लागत नाही, साधा इसबगोल पुरतो. पण भरपूर पाण्यासोबत, नाहीतर तोच अडकून बसतो.

बी-12, ड, कॅल्शियम, साधे मल्टिव्हिटॅमिन यांत कंपनीच्या नावाला काही चव नसते, रेणू तोच असतो. म्हणून जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा. तिथे याच गोष्टी पुष्कळ कमी दरात मिळतात.

पैसे कशावर घालू नयेत

केस गळू लागले की लोक बायोटिनकडे धावतात. वजन झपाट्याने उतरले की शरीर काही केसांना एकदम विश्रांतीला पाठवते, आणि ते दोन-तीन महिन्यांनी गळतात. बहुतेकदा ते परत येतात, आणि त्यांना लागते ते प्रथिन आणि लोह. बायोटिनच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात, एवढे मात्र नक्की. ‘नैसर्गिक जीएलपी-1’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्या आणि थेंबांमागे त्या नावाला साजेसा पुरावा नाही. माल्टची गोड पेये प्रथिनाच्या आशेने घेऊ नका, मागचे लेबल वाचले तर त्यांत साखर प्रथिनाहून जास्त दिसते. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितले होते.

पावडर घेताना डोळ्यांत तेल घाला. केरळचे यकृततज्ज्ञ डॉ. सिरिएक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात विकली जाणारी 36 प्रथिन-उत्पादने तपासली. 2024 साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत सुमारे 70 टक्के उत्पादनांचे लेबल प्रथिनाच्या बाबतीत खरे नव्हते. काहींत सांगितल्याच्या निम्मेच प्रथिन होते, काहींत बुरशीचे विष आणि कीटकनाशकांचे अंश सापडले. म्हणून घटकांची यादी छोटी असलेला, वनौषधींची मिश्रणे नसलेला, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असलेला आणि स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल दाखवणारा डबा निवडा. पहिल्यांदा लहानच घ्या. चव सोसली नाही तर मोठा डबा घरात पडून राहतो, आणि मग तो कितीही स्वस्त असला तरी महागच.

कमला सोहोनी निवृत्तीनंतरही या कामातून बाजूला झाल्या नाहीत. मुंबईच्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेत त्या सक्रिय होत्या, 1982-83 मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या, आणि ‘कीमत’ या तिच्या मासिकात घरातल्या बाईला कळेल अशा भाषेत लिहीत राहिल्या. केंब्रिजची पीएच.डी. घेतलेल्या या बाईंना वाण्याच्या दुकानातले लेबल हा विज्ञानाचाच विषय वाटत होता.

तोच वसा आपणही घेऊ शकतो. इंजेक्शन डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्या, आणि पाठीपर्यंत जाणारी तीव्र पोटदुखी किंवा थांबत नसलेली उलटी झाली तर पूरकांचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा. बाकीच्या दिवशी मात्र दुकानात जाण्याआधी कागद घ्या. आज खाल्लेले प्रथिन लिहा, सांगितलेल्या आकड्यातून वजा करा, उरलेली तूट आधी रुपयांनी आणि मग घासांनी भागा. या पाच मिनिटांच्या हिशेबानंतर जी यादी उरेल ती छोटी असेल, आणि तिच्यातल्या बहुतेक वस्तू तुमच्या घरच्या डब्यांत आधीपासून असतील.